उघड्या हातानं

सोमवारी सकाळी सेनियानं अंगातला कोट खुंटीला अडकवला नाही तोच एदिनानं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. एदिना प्रयोगशाळेची प्रमुख. वयानं ती सेनियाहून पाचेक वर्षांनी धाकटी होती आणि याचा तिला उगाचच संकोच वाटायचा, त्यामुळे कुणाला बोल लावायचा असला की ती आधी कॉफी पुढे करायची. आजही तिनं कप सरकवला, तेव्हाच सेनिया समजून चुकली की काहीतरी बिनसलंय.

"बस. एका हाडात तू निघालीस," एदिना म्हणाली.

"मी?"

"तूच. तुझे आकडे आलेत. बघ."

पडद्यावर निळे-हिरवे सुळके उभे होते. सेनियाला ते वाचून दाखवायची गरज नव्हती. माणसाच्या रक्तात, हाडात, केसात, कुठेही बघा, काही ठरावीक जागी चार अक्षरांचा एकच तुकडा गाण्याच्या पालुपदासारखा पुन्हा पुन्हा येतो. कुणाकडे तो अकरा वेळा येतो, कुणाकडे चौदा. प्रत्येक जागी आकडे दोन, एक आईकडचा, एक बापाकडचा. अशा सोळा जागा मोजल्या की माणूस ठरला, मग त्याला नाव नसलं तरी चालतं आणि चेहरा नसला तरी चालतं. मोजायचं काम यंत्र करायचं. बायकांनी फक्त हाड घासायचं, कापायचं, त्याचं पीठ करायचं आणि ते खळ्याखळ्यांच्या ताटलीत भरून ठेवायचं. पुढे एक लोखंडी हात यायचा, थेंब थेंब टाकत कुरकुरत फिरायचा. त्या हाताला सगळ्या जणी काका म्हणायच्या, कारण जेवायच्या सुट्टीतही त्याची कुरकुर थांबत नसे.

"हे गेल्या आठवड्यात तूच कापलंस ना?"

"मीच."

"हातमोजे?"

"दोन. एकावर एक. नेहमीसारखे."

"तोंडाला फडकं?"

"होतं."

"मग तू आत शिरलीस कुठून?"

 सेनियानं कॉफीचा घोट घेतला. कॉफीत साखर जास्त झाली होती.

यात नवल वाटण्यासारखं तसं काही नव्हतं. हाड नऊ वर्षं मातीत कुजलेलं, त्यात डीएनए उरलेला असतो तो नखाएवढा. त्यावर कापणारीची एक शिंक उडाली, घामाचा थेंब पडला, की यंत्र मेलेल्याला सोडून जिवंत माणसाला मोजतं. म्हणून तिथे काम करणाऱ्या प्रत्येकीचे आकडे संगणकात आधीच घालून ठेवले होते. आलेलं प्रत्येक हाड पहिल्यांदा त्यांच्याशी ताडायचं. जुळलं की पडद्यावर लाल रेघ यायची आणि ते हाड तिथेच अडायचं. कुठल्या आईबापाच्या रक्ताशी ते ताडून बघायची वेळच यायची नाही. या हाडाच्या सोळापैकी सहाच जागा बोलल्या होत्या, बाकीच्या मुक्या. त्या सहाही सेनियाच्या होत्या. बाई की पुरुष ते सांगणाऱ्या जागीही नुसती बाईची खूण होती.

"बेल्मा दुसरा तुकडा कापेल," एदिना म्हणाली. "तोपर्यंत तू हाडांच्या खोलीत जाऊ नकोस. आणि पुन्हा तूच निघालीस तर नियम तुला माहीत आहे. वर्षभर वरच्या मजल्यावर, कागदांत."

"माहीत आहे."

"मला वाईट वाटतंय गं."

"वाटू दे," सेनिया म्हणाली. यात टोमणा नव्हता. तिला खरंच दुसरं काही सुचलं नाही.

हाड तिला आठवत होतं. डाव्या हाताचं, कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांतलं एक. मधोमध जुन्या मोडाची गाठ, जरा वाकडी जुळलेली. गाठीच्या वर हाड टणक होतं, म्हणून तिनं तिथे करवत लावली होती. "जुना मोड, बरा झालेला," असं लिहून ती पुढच्या हाडाकडे वळली होती.

पंच्याण्णवच्या जुलैत ड्रिना नदीकाठचं त्यांचं गाव शत्रूच्या हाती पडलं तेव्हा बायका बसमधून निघाल्या आणि पुरुष जंगलातून. बायका पोचल्या. सेनियाचा भाऊ मिर्झेत एकोणीस वर्षांचा होता. बाप त्याआधीच तोफेच्या गोळ्यानं गेला होता, त्याला निदान रीतसर कबर मिळाली. मिर्झेतला काय मिळालं ते कुणाला ठाऊक नव्हतं. मारणाऱ्यांनी मढी पुरली, मग पोटात भीती शिरली तशी रस्ते खोदायची यंत्रं आणून ती उकरली आणि दुसरीकडे नेऊन टाकली. त्यामुळे एकाच माणसाचा पाय एका डोंगरात आणि डोकं दुसऱ्या डोंगरात सापडायचं. हा हिशेब माणसानं लावायचा झाला तर सात जन्म पुरले नसते. म्हणून यंत्रं आली.

सेनिया तेव्हा निर्वासितांच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. जुन्या चपलांच्या कारखान्यात प्रयोगशाळा उघडणार असं कळलं आणि ती पहिल्याच दिवशी दारात जाऊन उभी राहिली. भावासाठी आली, असं लोक म्हणाले, आणि तेच खरं होतं. सुरुवातीला प्रत्येक हाड हातात घेताना तिच्या पोटात खड्डा पडायचा. हा असेल? हा? पुढे तो खड्डा पडेनासा झाला. कधीपासून, ते तिलाही सांगता आलं नसतं. आता हाड म्हणजे हाड. टणक की ठिसूळ, कापायचं कुठून, एवढंच तिला दिसायचं. हसू आलं तरी ते तोंडापुरतं यायचं. लग्नाला एक-दोन स्थळं आली तेव्हा तिनं ज्या शांतपणे नाही म्हटलं, त्यानं आई घाबरली होती.

मात्र एक गोष्ट तिनं घट्ट धरून ठेवली होती. हाडांच्या खोलीत आपण आहोत तोवर मिर्झेत कधी ना कधी आपल्या हाताखालून जाईल, दुसऱ्या कुणाच्या नाही. ती खोली गेली तर तिच्याकडे काहीच उरणार नव्हतं. हे तिला कळत होतं, पण कळण्यापलीकडे काही होत नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई अंगणात चुलीवर भली मोठी कढई चढवून आलुबुखारांचा मुरंबा घोटत होती. आईचं नाव मेव्लिदा. बाई काटकुळी, पण जीभ अशी की आख्खी वसाहत तिला वचकून होती.

"आलीस? घे हा पळा. माझे खांदे गेले," आई म्हणाली. "त्या तुमच्या काकाला का नाही आणत घरी? त्याला म्हणावं, हात आहे ना तुला, मग ढवळ. बिनपगारी, बिनजेवणाचा गडी."

"तो थेंबच टाकतो गं फक्त."

"मग बापई गडीच आहे म्हणायचा."

सेनिया ढवळायला लागली. आज काय झालं ते तिनं सांगितलं नाही. घरात हाडांची गोष्ट काढायची नाही, हा आईचाच नियम होता. "आणशील तेव्हा बोल," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिनं स्वतः बोट टोचून चार थेंब रक्त दिलं होतं, आणि त्यानंतर प्रयोगशाळेचं नावही काढलं नव्हतं. शेजारच्या झुम्रानं नवऱ्याच्या सापडल्या तेवढ्या हाडांवर मागच्या जुलैत दफन उरकलं, तेव्हा हिरव्या कापडाच्या ताबुतामागे आई सगळ्यांच्या पुढे चालली, आणि परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

"यंदा फळ पाणचट आहे," आई म्हणाली. "ही काय झाडं म्हणायची? खुर्चीवर बसून फळं काढावीत. आमच्याकडची झाडं! त्यांच्यावरून पडून हात मोडून घेण्यातसुद्धा काही इभ्रत होती. मिर्झेत पडला तो याच दिवसांत की. आणि तो मेहो हाडवैद्य! आख्खी कोंबडी रिचवली मेल्यानं आणि हात बसवला वाकडा. शाळेत मास्तर म्हणाले, हात सरळ ठेव. तर हा म्हणतो, मेहोला सांगा."

आई हसली. सेनियाही तोंडापुरतं हसली. ही गोष्ट तिनं इतक्या वेळा ऐकली होती, की आता तिचे शब्द कानावरून नुसते वाहून जात. तिनं कढईच्या तळाला लागलेलं खरवडलं आणि आच कमी केली.

"लक्ष कुठाय तुझं? करपवशील," आई म्हणाली.

"नाही करपत."

बेल्मानं दुसरा तुकडा खालच्या टोकाकडून कापला. बेल्मा तरणी पोर, नुकती कामाला लागलेली, ताकही फुंकून पिणारी. तिनं हाड दोनदा धुतलं, वरचा थर घासून काढला, तीन हातमोजे चढवले. यंत्रानं मोजलं. या खेपेला सात जागा बोलल्या. सातही सेनियाच्या.

एदिनानं पुन्हा कॉफी पुढे केली.

"हे मला समजत नाही," ती म्हणाली. "वरचा थर काढला तरी तूच. म्हणजे काहीतरी ओलं आतपर्यंत झिरपलंय. आठव ना सेनिया. शिंकलीस का? हातमोजा फाटला होता का?"

सेनियानं आठवून बघितलं. तो दिवस तिच्या डोळ्यांसमोर यायला तयार नव्हता. सगळे दिवस एकसारखेच होते, त्यातून एक वेगळा काढायचा कसा? त्या दिवशी आपण शिंकलो नाही, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना. आणि यंत्राचं तर कधी चुकत नाही, ते तिनं स्वतःच शंभर बायकांना बजावून सांगितलं होतं. या बायका रक्त द्यायला यायच्या आणि विचारायच्या, पोरी, चूक नाही ना होणार? नाही होणार, आजी. यंत्र आहे.

"फाटला असेल," ती म्हणाली.

"असेल, की होता?"

"होता."

खोटं बोलायचं म्हणून ती बोलली नव्हती. दुसरं कुठलं उत्तर शोधायची ताकदच तिच्यात नव्हती, आणि हे समोर तयार होतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथे चोरी कसलीच नव्हती, पण नऊ वर्षं जिवंत राहिल्याचं ओझं ज्याच्या डोक्यावर असतं, त्याला कुठलाही गुन्हा आपलाच वाटतो. त्या निर्वासितांच्या वसाहतीत अशी माणसं घरटी एक तरी होती.

एदिनानं सुस्कारा सोडला. "मग हे हाड बंद करावं लागेल. टणक भाग बोटभरच उरलाय, अजून कापण्यात अर्थ नाही. हायरोमामांकडे परत पाठवते." हायरोमामा शवघराचे रखवालदार, सगळी हाडं त्यांच्या फळ्यांवर असायची. "आणि तू उद्यापासून वरती ये."

सेनियानं तसं लिहिलेल्या कागदावर सही केली. खाली जाऊन तिनं आपलं कपाट रिकामं केलं. त्यात निघालं काय, तर हाताला लावायचं मलम, एक कंगवा, आणि एका मेलेल्या भुंगेऱ्याचं शिंपल्यासारखं कवच, जे बेल्मानं कधीतरी गंमत म्हणून आत टाकलं होतं. ते सगळं तिनं पिशवीत भरलं. काका पलीकडे कुरकुरत होता. खोलीच्या दारात ती थोडी थांबली, कारण थांबावं असं तिला वाटलं, आणि मग जिना चढून वर गेली.

हाड बंद करायचं तर यंत्राचा मूळ आलेख, काटछाट न केलेला, एकदा प्रमुखानं डोळ्यांनी बघावा असा नियम होता. एरवी तो कुणी फारसा पाळत नसे. एदिनानं पाळला, कारण सेनियाला वर पाठवल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. यंत्र एका उंचीखालचे सुळके कचरा समजून पुसून टाकतं. न पुसलेल्या आलेखात, बाई की पुरुष सांगणाऱ्या जागी, बाईच्या सुळक्याशेजारी गवताच्या पात्याएवढा दुसरा सुळका होता, फक्त पुरुषांत सापडणारा. एदिनानं चष्मा पुसला. बेल्मानं कापलेल्या तुकड्याचा आलेख उघडला. तिथेही होता, बरोबर त्याच जागी.

ती जिना चढून वर आली तेव्हा सेनिया कागद लावत बसली होती.

"सेनिया, हे हाड पुरुषाचं आहे."

"बरं."

"बरं काय? तू पुरुष आहेस का?"

"नाही."

"मग ते तू नाहीस. कळतंय का तुला? तू नाहीस ते!" एदिनानं खुर्ची ओढली, पण ती बसली नाही. "आणि आकडे तुझे आहेत. सात जागी. पुरतेही नाहीत. दोन जागी दोनातला एकच आकडा आलाय, आणि यंत्रानं हाड कुजकं आहे म्हणून तेवढं चालवून घेतलं. तुझे आकडे एखाद्या पुरुषाकडे कसे असतील? सांग ना."

सेनियानं हातातला कागद बाकीच्यांवर ठेवला आणि कडा जुळवल्या. असे आकडे एखाद्या पुरुषाकडे कधी असू शकतात, ते तिला पुरतं माहीत होतं. शिकाऊ मुलींना तेच तर ती पहिल्या दिवशी शिकवायची.

"सख्खा भाऊ असेल तर," ती म्हणाली.

 खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"मला कापू दे," सेनिया म्हणाली.

"नाही. आपल्या माणसाचं हाड आपण कापायचं नसतं."

"दोन आठवड्यांपूर्वी कापलंच ना मी."

 एदिनानं मान खाली घातली. उरलेल्या टणक भागातला तुकडा बेल्मानं कापला, कापताना ती रडत होती आणि रडणं हाडावर पडू नये म्हणून फडक्यावर फडकं बांधून बसली होती. पीठ या वेळी जास्त वेळ भिजत ठेवलं. काकानं थेंब टाकले. अकरा जागा बोलल्या. त्यांतल्या आठव्या जागी सेनियाकडे सोळा होते आणि हाडाकडे अठरा. त्या एका आकड्यासरशी पडद्यावरची लाल रेघ गेली आणि हाड पहिल्यांदाच पुढे, घरच्यांच्या रक्ताशी ताडायला गेलं. सुईच्या टोकाएवढ्या रक्तातून काढलेले मेव्लिदाचे आकडे तिथे वर्षानुवर्षं पडून होते. अकराही जागी दोनातला एक आकडा तिचा निघाला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक हसत म्हणतात. पण इथे कळसा हातात होता, आणि तो मिळाला तेव्हा तिनं त्याला करवत लावली, "जुना मोड" असं लिहिलं आणि फळीवर ठेवून दिला. वर स्वतःच्याच सहीनं तो कचऱ्यात काढायला निघाली. एदिनाच्या नजरेतून तो पात्याएवढा सुळका निसटला असता, तर मिर्झेत कायमचा सेनियाच्या घामाचा डाग म्हणून पडून राहिला असता.

हे सगळं सेनियाला दिसत होतं. तिनं विचारलं, "मी परत खाली येऊ का उद्यापासून?"

एदिनाचा बांध फुटला. ती खुर्चीत बसून हुंदके देऊन रडायला लागली, आणि सेनिया तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "असू दे. असू दे. कॉफी करू का?"

अशी बातमी घरी न्यायला प्रयोगशाळेची माणसं ठरलेली होती. सेनियानं त्यांना नको म्हटलं.

आई मुरंब्याच्या बरण्या भरत होती. सेनिया दारातच म्हणाली, "आई, बस जरा."

"बरण्या गार होतील. तू बोल."

"मिर्झेतचा हात मिळालाय."

आईनं बरणीवर झाकण ठेवलं. ते बसेना, तेव्हा काढून पुन्हा ठेवलं.

"कुठला?"

"डावा."

"वाकडा?"

"वाकडा."

आईनं झाकण फिरवून घट्ट केलं आणि हात डोक्याच्या, पदरासारख्या लोंबणाऱ्या रुमालाला पुसले. मग ती बसली. सेनियाही समोर बसली. बोलायचं होतं ते सगळं बोलून झालं, असं तिला वाटलं. पण आईचं व्हायचं होतं.

"पहिल्यांदा कुणी बघितला?"

"मी."

"हात लावलास त्याला?"

"दोन दोन हातमोजे होते, आई."

"म्हणजे नाही लावलास."

सेनियानं बरणीला लागलेला मुरंबा बोटानं पुसला.

"कापला?"

"हो. मी कापला. नंतर बेल्मानं."

"ओळखला नाहीस?"

"नाही."

"एवढा वाकडा हात, आणि ओळखला नाहीस?"

आईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती, एखाद्या परक्या मुलखातल्या माणसाला तिथली रीत विचारावी तशी, आणि तुला झालंय तरी काय हे तिला जाणून घ्यायचं होतं. सेनियाला उत्तर द्यायचं होतं.  पण उठून तिनं उरलेल्या बरण्या भरल्या.

शवघरात हायरोमामांनी टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरून ठेवला होता. हायरोमामा म्हातारे झाले होते, सगळ्या बायकांना ते नावानं ओळखायचे आणि कुणालाही उगाच धीर द्यायचे नाहीत. त्यांनी कागदी पिशवी उघडली आणि हाड टेबलावर ठेवलं. ठेवताना ते उताणं पडलं, तर त्यांनी ते सरळ केलं.

"एवढंच आहे, मेव्लिदा," ते म्हणाले. "बाकीचं अजून नाही. घाई करू नका. कुणी एवढ्यावर दफन करतात, कुणी थांबतात. तुम्ही सांगाल तसं."

"थांबते," आई म्हणाली. "हात आलाय ना घरी, आता बाकीच्यांना तो ओढून आणेल. लहानपणीही तसाच होता. एक आला की मागे दहा पोरं."

तिनं हाड उचललं. अंगठा त्या गाठीवरून फिरवला, एकदा, मग परत. "हीच ती," ती म्हणाली. "मेहोची कोंबडी." आणि तिनं हाड सेनियापुढे धरलं.

सेनियाचा हात भिंतीकडे गेला. तिथे हातमोज्यांचं खोकं होतं. तिनं एक काढला, फुंकर मारली, उजव्या हातात चढवला, मनगटाशी ओढून बसवला आणि दुसऱ्यासाठी हात पुन्हा खोक्याकडे नेला. इतकी वर्षं बोटांना दुसरं काही येतच नव्हतं.

आई हाड पुढे धरून तशीच उभी राहिली.  

सेनियानं खोक्यात घातलेला हात रिकामाच बाहेर काढला. चढवलेला हातमोजा ओढला, तो घामानं चिकटला होता, बोटाबोटानं सोडवावा लागला. मग तिनं भावाचा हात हातात घेतला. तो हलका होता आणि गार होता. वरच्या टोकाला करवतीची कड लागली, गुळगुळीत, कुठे टवका नाही. काम चांगलं झालं होतं. ते तिचंच होतं. तिचा अंगठा खाली सरकला आणि गाठीवर येऊन थांबला, आणि तिला झाड दिसलं, खाली पडलेली टोपली, आणि गवतात उताणा पडून हसू की रडू हे ठरवत तिच्याकडे बघणारा आठ वर्षांचा मिर्झेत. तेव्हा धावत जाऊन सगळ्यात आधी हा हात धरला होता तो तिनंच. हे ती विसरूनच गेली होती. तिच्या पोटात खड्डा पडला, जुना, खोल, आणि ती टेबलाला टेकली.

हायरोमामांनी वाट बघितली. मग खिशातून पेन्सिल काढून पिशवीला बांधलेली चिठ्ठी ओढून घेतली.

"माफ करा, पण लिहावं लागतं," ते म्हणाले. "उघड्या हातानं कुणी कुणी धरलं ते. पुढे कधी कापायची वेळ आली तर यंत्राचा घोटाळा नको."

"लिहा की," आई म्हणाली. "आई. आणि बहीण."

हायरोमामांनी लिहिलं. मग ते पिशवीचं तोंड उघडून उभे राहिले, पण हाड काही लगेच परत आलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही.